बंद टाकीच्या आत: घरी बांधलेल्या विमानातील एका गळतीचा प्रकरण अभ्यास

आम्ही चौघे मिळून एका गॅरेजात दोन आसनांचे, संपूर्ण ॲल्युमिनियमचे विमान किटमधून बांधत होतो. शेपटीचे काम संपले होते, दोन्ही पंखांचे सांगाडे उभे होते आणि पंखांच्या पुढच्या काठात बसणाऱ्या इंधनाच्या दोन्ही टाक्या बंद करून झाल्या होत्या. त्यांपैकी डाव्या टाकीच्या हवाचाचणीत गळती निघाली. गळती अगदी बारीक होती. या छंदातल्या बहुतेकांना अशी गळती कधी ना कधी भेटतेच, आणि ती थांबवण्याचे सोपे उपायही सर्वांना ठाऊक असतात. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटते, कारण सोपा उपाय केला असता तर गळती नक्की थांबली असती आणि खरा धोका टाकीच्या आत तसाच राहून गेला असता.

टाकी कशी असते

या जातीच्या विमानात इंधनाची टाकी म्हणजे पंखात ठेवलेला वेगळा डबा नसतो. पंखाचा पुढचा भाग हीच टाकी असते. बाहेरचा वळवलेला पत्रा, आतल्या आडव्या रिब (पत्र्याला आकार देणाऱ्या फासळ्या) आणि मागून बसणारी उभी भिंत, जिला आम्ही बॅफल म्हणतो, एवढ्यांतून सुमारे 80 लिटरची पोकळी तयार होते. पत्रा आणि रिब शेकडो रिव्हेटांनी जोडलेले असतात आणि प्रत्येक रिव्हेटचे भोक ही गळतीची एक संभाव्य जागा असते. म्हणून पॉलिसल्फाइड सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा आणि सुकल्यावर रबरासारखा होणारा लगदा, दोनदा लावावे लागते. रिव्हेट मारण्यापूर्वी दोन पत्र्यांच्या मध्ये एक पातळ थर द्यायचा आणि रिव्हेट मारून झाल्यावर आतल्या बाजूने प्रत्येक सांध्यावर जाड, गोलसर कड ओढायची. या कडेला फिलेट म्हणतात. पहिला थर दिसत नाही. दुसरा दिसतो, पण बॅफल बसेपर्यंतच.

बॅफल बसवणे हे टाकीच्या कामातले सर्वांत अवघड पाऊल मानले जाते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. रिबांच्या मागच्या कडांवर आणि पत्र्याच्या काठावर सीलंटची जाड रेघ देऊन बॅफल वरून दाबत नेले, की ती रेघ पसरते आणि आतल्या बाजूला तिचा फिलेट आपोआप बनतो, निदान तसा बनावा अशी अपेक्षा असते. तो नीट बनला की नाही हे पाहायला त्यानंतर डोळा आत जाऊ शकत नाही.

सीलंट दोन भागांत येते. पांढरा मूळ लगदा आणि काळे हार्डनर वजनाने 10 ला 1 या प्रमाणात मिसळून, पांढरी रेघ कुठेही न दिसणारा एकसारखा करडा रंग येईपर्यंत घोटायचे. गंधकाचा वास हातमोजे काढल्यानंतरही कितीतरी वेळ नाकात राहतो. आमचे सीलंट बी-2 प्रकारचे होते, म्हणजे साधारण 25 अंश सेल्सिअसला ते मिसळल्यापासून 2 तासांच्या आत लावून व्हायला हवे. उष्णता आणि दमटपणा वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. ज्या धातूवर ते लावायचे तो आधी खरखरीत घासणीने चमक जाईपर्यंत घासावा लागतो, मग एमईके या द्रावकाने पुसावा लागतो आणि द्रावक हवेत उडण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा लागतो, नाहीतर विरघळलेला मळ जागच्या जागी पुन्हा बसतो. त्यानंतर उघडा हात लावायचा नाही.

चाचणी

टाकीची सर्व तोंडे बंद करून एका तोंडाला पारदर्शक नळीचा यू आकार जोडला आणि त्यात रंगीत पाणी भरले. सायकलच्या पंपाने अगदी हळू हवा देत पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक 60 सेंटीमीटरपर्यंत नेला. 1 पीएसआय (दर चौरस इंचाला 1 पौंड) दाब म्हणजे सुमारे 70 सेंटीमीटर पाणी. त्याच्या पुढे जाणे धोक्याचे असते, कारण टाकीच्या सपाट भिंतींचे क्षेत्रफळ मोठे आहे आणि थोडासा जादा दाबही त्या फुगवून वाकवू शकतो. पुष्कळ जण नळीऐवजी तोंडाला साधा फुगा लावतात. त्यात दाब मर्यादेत राहतो हे खरे आहे, पण फुगा आकडा सांगत नाही आणि आम्हाला आकडा हवा होता.

रात्री 60 सेंटीमीटरवर सोडलेला फरक सकाळी 41 वर आला होता. 19 सेंटीमीटर कमी. पहिला विचार सर्वांच्या मनात एकच आला, तो म्हणजे रात्री गारवा पडला होता. तो विचार चुकीचाही नव्हता, कारण बंद टाकीतली हवा 1 अंशाने थंड झाली की तिचा दाब सुमारे साडेतीन सेंटीमीटर पाण्याइतका उतरतो. टाकीला चिकटवलेला तापमापक 2 अंशांची घट दाखवत होता, म्हणजे 7 सेंटीमीटरचा हिशेब लागला. बाहेरच्या हवेचा दाब रात्रीत 2 हेक्टोपास्कलने वाढला होता, तेव्हा आणखी 2 सेंटीमीटर सुटले. उरलेल्या 10 सेंटीमीटरना गळतीखेरीज दुसरे कारण नव्हते. 80 लिटरच्या टाकीत याचा अर्थ रात्रभरात पाऊण लिटरच्या आसपास हवा बाहेर गेली, एवढाच. हे गणित मी मुद्दाम दिले आहे. तापमापक नसता तर आम्ही संपूर्ण घट गारव्यावर ढकलली असती, आणि तसे करण्याची आमची मनातून तयारीही झाली होती.

साबणाच्या दाट पाण्याने ब्रश फिरवल्यावर जागा सापडली. विमानाच्या मधल्या धडाकडची शेवटची रिब, बॅफल आणि खालचा पत्रा हे तिघे जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्यात मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक उगवत होते. तीन तुकडे भेटतात ते कोपरे टाकीचे नेहमीचे दुबळे ठिकाण.

मतभेद

आमच्यातले ज्येष्ठ सहकारी अनेक वर्षे यंत्रशाळेत काम केलेले आहेत आणि त्यांनी पूर्वी दुसऱ्या एका विमानाच्या बांधणीत हात दिला होता. त्यांचा सल्ला असा होता की टाकीतून थोडी हवा ओढून आत हलकी निर्वात स्थिती निर्माण करावी आणि बाहेरून त्या कोपऱ्यावर झिरपणारे पातळ लॉकिंग द्रव लावावे. ते फटीत ओढले जाते, धातूच्या सान्निध्यात हवेविना घट्ट होते आणि गळती बंद होते. हा उपाय खरोखर वापरला जातो आणि एखाद्या सुट्या गळक्या रिव्हेटसाठी तो चांगलाही आहे. पूर्वी टाकीत पातळ रसायन ओतून ती सर्व बाजूंनी हलवण्याची पद्धतही प्रचलित होती. तो थर पुढे वर्षांनी सोलून निघतो आणि इंधनाची वाट अडवतो असे दिसून आल्याने ती मागे पडली, आणि त्याबाबत आमच्यात दुमत नव्हते.

माझा आणि आणखी एका सहकाऱ्याचा आक्षेप वेगळा होता. बाहेर बुडबुडा जिथे दिसतो तिथेच हवा आतून शिरलेली असते असे नाही. दोन पत्र्यांच्या मधल्या बारीक वाटेने ती हातभर अंतर चालून येऊ शकते. शिवाय गळती रिव्हेटमधून नव्हती, सांध्यातून होती. सांध्यावर आतून फिलेट असताना हवा तिथवर पोहोचलीच कशी, या प्रश्नाचे उत्तर बाहेरून द्रव लावून मिळणार नव्हते. ज्येष्ठांचे म्हणणे असे पडले की उत्तर मिळवण्यासाठी चांगले बॅफल कापणे म्हणजे एका दोषाचे दोन दोष करणे होय. हे म्हणणेही हलके नव्हते. दोन आठवडे आम्ही टाकीला हात लावला नाही.

निर्णय अखेर फळीवरच्या कागदी पेल्यांनी केला. सीलंटची प्रत्येक खेप मिसळल्यावर उरलेला लगदा पेल्यात तसाच ठेवायचा आणि पेल्यावर तारीख, वेळ, दोन्ही भागांची वजने लिहायची, ही सवय आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवली होती. डाव्या बॅफलचा पेला काढला. लगद्यात नख रुतत नव्हते, दाबल्यावर तो रबरासारखा परत वर येत होता, कापून पाहिले तर आतही कुठे चिकट नव्हता. मिश्रण बरोबर होते. पेल्यावरची वेळ 10:20 होती आणि नोंदवहीत शेवटचा रिव्हेट 11:40 ला पडल्याचे लिहिले होते, म्हणजे मुदतही उलटली नव्हती. सीलंट निर्दोष असेल आणि वेळेत लागले असेल, तर संशय घ्यायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ज्यावर ते लावले तो धातू.

नोंदवहीत त्या धातूबद्दल तीन शब्द होते: “घासून स्वच्छ केले.” कोणी केले, केव्हा केले आणि त्यानंतर काय घडले, यांपैकी काहीही लिहिलेले नव्हते.

काय घडले होते

चौघांनी बसून ते दोन दिवस आठवून काढले. शनिवारी संध्याकाळी एकाने रिबांच्या कडा घासल्या, द्रावकाने पुसल्या आणि नोंद करून तो घरी गेला. त्याचे काम चोख होते. रविवारी सकाळी लवकर आलेल्या दुसऱ्या सहकाऱ्याने बॅफलची भोके जुळतात की नाही हे पाहण्यासाठी ते सीलंटशिवाय एकदा बसवून पाहिले, क्लेको (भोकांत बसणाऱ्या तात्पुरत्या स्प्रिंगच्या खिळ्या) लावले, सर्व ठीक आहे याची खात्री केली आणि परत काढून ठेवले. हेही योग्यच होते. किंबहुना सीलंट लावल्यावर भोक जुळत नाही असे लक्षात येणे ही मोठी आपत्ती असते. फक्त हे त्याने उघड्या हातांनी केले, कारण कडा आदल्या दिवशीच स्वच्छ करून ठेवल्या आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. दहाच्या सुमारास तिसरा आला. त्याने नोंदवही उघडली, “घासून स्वच्छ केले” हे वाचले आणि सीलंट मिसळायला घेतले. तो तिसरा मी होतो.

प्रत्येकाने आपले काम नीट केले होते. दोन कामांच्या मधली जागा मात्र कोणाचीच नव्हती.

ज्याचे हात लागले होते त्या सहकाऱ्याला हे फार लागले. त्याच्यावर दोष येऊ नये असे आम्हा तिघांना मनापासून वाटत होते आणि न्यायाने पाहता तो एकट्यावर येतही नव्हता. सीलंट लावण्यापूर्वी धातू पुन्हा एकदा पुसणे माझ्या हाती होते. पुसायला पाच मिनिटे लागली असती.

आत काय सापडले

बॅफल कापण्यापूर्वी किट बनवणाऱ्या कंपनीला आराखडा पाठवून परवानगी घेतली. बॅफलमध्ये कुठे, केवढे भोक चालेल आणि त्यावरचे झाकण कसे बसवावे हे त्यांनी लेखी कळवले. कापताना हत्याराच्या पात्याला ग्रीस लावले, म्हणजे बहुतेक कीस त्यालाच चिकटतो, आणि आत पडलेला व्हॅक्यूमने ओढून घेतला.

टॉर्च आत धरल्यावर पहिल्या नजरेला काहीच वावगे दिसले नाही. फिलेट जागेवर होता, गुळगुळीत आणि अखंड होता. मग एक चपटी लाकडी काडी त्याच्या कडेखाली सरकवली, आणि ओल्या हातावरून चिकटपट्टी सुटावी तसा तो कसलाही विरोध न करता उचलला गेला. सुमारे 11 सेंटीमीटर लांबीची पट्टी सुटी झाली होती आणि तिचे एक टोक आधीपासूनच हवेत होते. नीट चिकटलेले सीलंट ओढले तर ते स्वतः मधून फाटते आणि धातूवर करडा थर मागे ठेवते. इथे पट्टीखालचा धातू स्वच्छ, मोकळा होता. तिरप्या उजेडात त्यावर अंगठ्याएवढा एक फिकट, लांबट डाग दिसत होता. त्याच्याकडे पाहत आम्ही कितीतरी वेळ काहीच बोललो नाही.

त्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर टाकीतून इंधन ओढणाऱ्या नळीची जाळी होती. टाकीचा सर्वांत खालचा भाग तिथेच असल्याने नळी तिथेच ठेवतात आणि टाकीत सुटे झालेले काहीही शेवटी तिथेच येते. बाहेरून द्रव लावून गळती थांबवली असती, तर ही पट्टी आत राहिली असती, इंधनाच्या हिंदकळण्याने हळूहळू पूर्ण सुटली असती आणि एखाद्या दिवशी जाळीवर जाऊन बसली असती. जमिनीवरच्या इंधनप्रवाहाच्या चाचणीतही ती पकडली गेली असती असे मानता येत नाही. पंप असलेल्या व्यवस्थेत इंजिनाला लागणाऱ्या कमाल प्रवाहाच्या 125 टक्के आणि केवळ गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या व्यवस्थेत 150 टक्के इंधन वाहिले पाहिजे, असे अमेरिकी विमान प्रशासनाची हौशी बांधणीवरची चाचणी पुस्तिका सांगते. ही चाचणी अत्यंत आवश्यक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये हौशी बांधणीच्या विमानांचा अभ्यास केला, तेव्हा अपघातांच्या प्रमुख कारणांत इंजिन बंद पडणे आढळले आणि इंधनव्यवस्थेची चाचणी सक्तीची करून तिचा अहवाल घ्यावा अशी शिफारस मंडळाने केली. पण पट्टी चाचणीच्या वेळी जाळीपासून दूर असेल, तर आकडा उत्तम येतो.

उजवी टाकी

उजवी टाकी दोन रात्री दाबाखाली ठेवली होती आणि तापमान व हवेचा दाब वजा केल्यावर तिच्यात काहीच घट नव्हती. मात्र ती आदल्याच आठवड्यात, त्याच पद्धतीने बंद केलेली होती आणि नोंदवहीत तेच तीन शब्द होते. ज्येष्ठांनी पुन्हा विरोध केला: चाचणीत उत्तीर्ण झालेली वस्तू फोडायची असेल तर मग चाचणी घ्यायचीच कशाला? इंधनपातळी मोजणाऱ्या उपकरणाच्या तोंडातून आम्ही लवचिक कॅमेरा आत घालून पाहिला. सर्व फिलेट सुंदर दिसले. डाव्या टाकीतलाही सुंदरच दिसला होता.

ती उघडावी हे माझे ठाम मत होते आणि आजही आहे. हवाचाचणी गळती आहे की नाही एवढेच सांगते. आतला फिलेट धातूला धरून आहे की नुसता टेकला आहे, हे ती सांगू शकत नाही, कारण पत्र्यांच्या मधला पहिला थर शाबूत असेल तर फिलेट सुटला तरी दाब टिकून राहतो. अखेर ज्येष्ठांनीच जिथे हात लागण्याचा सर्वाधिक संभव होता ते दोन कप्पे आखून दिले आणि तेवढेच उघडले. एका कप्प्यातला फिलेट काडीने ओढल्यावर फाटला, म्हणजे भक्कम होता. दुसऱ्यात बोटभर लांबी काडीबरोबर वर आली.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात सांगतो. सुटलेले सीलंट प्लास्टिकच्या पातीने काढले, कारण पोलादी पातीने पत्र्यावरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा संरक्षक थर खरवडला जातो आणि त्या ओरखड्यातून पुढे गंज धरतो. हे खरवडण्याचे काम, दोन्ही टाक्यांचे, त्या सहकाऱ्याने आपल्याकडे मागून घेतले. आम्ही आळीपाळीने टॉर्च धरून बसलो. घट्ट राहिलेल्या सीलंटच्या कडा घासून, पुसून त्यावर नवे सीलंट दिले, ते जुन्यालाही चांगले धरते. झाकणे बंद टोकाच्या रिव्हेटांनी सीलंटसह बसवली. दोन्ही टाक्यांची चाचणी पुन्हा तीन-तीन रात्री घेतली आणि हिशेब लागला नाही असा एकही सेंटीमीटर उरला नाही.

कामाच्या पद्धतीत काय बदलले

अमेरिकेच्या नियमांत विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बांधलेला असावा लागतो. बांधणारे अनेक असले तरी त्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा बांधणाऱ्याचा दाखला त्यांच्यापैकी एकालाच मिळतो. पूर्वी मला ही अट जाचक वाटे. या प्रकरणानंतर तिच्यामागचा विचार पटला, कारण अनेकांच्या हातांतून जाणाऱ्या कामात संपूर्ण काम डोळ्यांपुढे असलेला एक माणूस ठरवलेला असावाच लागतो. आम्ही तो मान ज्येष्ठांना दिला.

नोंदवहीच्या प्रत्येक ओळीत आता काम, करणाऱ्याचे नाव आणि वेळ येते. स्वच्छ केलेल्या प्रत्येक भागावर कागदी टेप लावून वेळ लिहितो. टेप निघालेला दिसला, मग तो कोणीही आणि कितीही चांगल्या कारणाने काढलेला असो, की तो भाग पुन्हा पुसायचा. हा टेप नोंदवहीपेक्षा अधिक उपयोगी ठरला, कारण नोंदवही उघडावी लागते आणि टेप हाताच्या आड येतो. ज्या पावलानंतर आत पाहता येणार नाही, अशी सर्व पावले आम्ही आराखड्यावर लाल शाईने खुणावली. त्या ठिकाणी काम थांबते आणि ज्याने त्या भागाला हात लावलेला नाही असा चौघांपैकी एक जण पाहून सही करतो. काही ठिकाणी चौघांचेही हात लागलेले असत. तिथे आम्ही बाहेरच्या अनुभवी बांधणीकाराला बोलावले. 1953 मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी स्थापन केलेल्या ईएए या हौशी विमानबांधणी करणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेत असे स्वयंसेवी तांत्रिक सल्लागार नेमलेले असतात, आणि ही व्यवस्था किती शहाणपणाची आहे हे आम्हाला स्वतःच्या टाकीत डोकावल्यावर कळले.

पहिल्यांदा इंधन भरले तेव्हा प्रत्येक टाकीत 20 लिटर घालून ते तीन दिवस तसेच ठेवले. विमानाच्या पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो, त्यामुळे बारीक झिरपाही सुकल्यावर निळा डाग सोडतो. डाग कुठेच नव्हता. चाचणी उड्डाणांच्या पहिल्या 10 तासांनंतर दोन्ही टाक्यांतल्या जाळ्या काढून पांढऱ्या कपड्यावर झटकल्या. ॲल्युमिनियमचे चार-पाच बारीक कण पडले, करडे काही नव्हते. जाळी पुन्हा बसवण्यापूर्वी ज्येष्ठांनी नव्या हातमोज्यांची जोडी त्या सहकाऱ्याच्या हाती दिली आणि टॉर्च स्वतःकडे घेतला.